ढकललेली फियाट: देवगडच्या एका डिलाइटचं प्रकरण

जुनी गाडी कुठे मिळेल असं विचारणारे फोन मला महिन्याला चार-पाच तरी येतात. विचारणारा बहुतेक मुंबई-पुण्याचा असतो आणि त्याने चार महिने मोबाइलवर जाहिराती बघून डोळे दुखवून घेतलेले असतात. त्याला मी एकच सांगतो. कोकणातली जुनी गाडी जाहिरातीत येत नाही. ती कुणाच्या तरी मांगरात (घराजवळच्या कौलारू शेडमध्ये) लाकडांच्या आणि झावळ्यांच्या मागे असते, आणि घरात वाटणी, मयत नाहीतर वादळ झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. हे प्रकरण वादळाचं आहे.

गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट. जागा देवगड तालुक्यात, मिठबावच्या अलीकडची एक वाडी. समुद्र सरळ रेषेत किलोमीटरभरही नसेल, रात्री गाज ऐकू येते. घेणारे गृहस्थ एसटीतून नुकतेच निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांना इथे भाऊ म्हणतो, गाव त्यांना तेच म्हणतं. माझं गॅरेज कणकवलीत. भाऊ ड्युटीवर असताना चहाला थांबायचे, तेवढीच आमची ओळख होती.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. झाडावर राहिलेला हापूस जमिनीवर आला आणि वाडीतल्या डॉक्टरांच्या मांगरावर आंब्याची फांदी कोसळून कौलं, रिपा, एक वासा असं सगळं आत गेलं. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, एकट्या, मुलगे मुंबईला. दुसऱ्या दिवशी वाडीतले सात-आठ जण कौलं उचलायला गेले, त्यात भाऊ होते. वरची कौलं काढली, झावळ्या ओढल्या, सुक्या शेणींची रास बाजूला केली, तेव्हा गाडीची पाठ दिसली.

पुढचं मी तिथे हजर असलेल्या तिघांकडून वेगवेगळं ऐकलं आणि तिघांचंही जुळलं, म्हणून लिहितो. भाऊंनी दार उघडायचा प्रयत्न केला नाही, काचेतून आत डोकावले नाहीत. सरळ मागे गेले, डिकीच्या झाकणावर दोन्ही तळवे ठेवले आणि वाकून उभे राहिले.

त्याचा अर्थ त्यांनी मला नंतर सांगितला. "मी हेच्यात कधी बसाक नाय. ढकललंय मात्र पन्नास येळा."

डॉक्टरांनी ही गाडी १९७९ साली मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनीच घेतली होती. नव्या फियाटसाठी तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. देशात मोटारी म्हणजे फियाट, अॅम्बॅसिडर आणि मद्रासची स्टँडर्ड, संपलं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून ही डिलाइट बनवायला घेतली. इटलीत हे मॉडेल दोनच वर्षांनी, १९६६ला बंद झालं. आपल्याकडे ते नावं बदलत शतक संपेपर्यंत चाललं: आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, १९७४पासून पद्मिनी. बॉडी तीच, १०८९ सीसीचं इंजिन तेच. मुंबईच्या टॅक्सीत बसलेल्या कुठल्याही मालवणी माणसाला ही गाडी आतून पाठ असते.

भाऊ मात्र तिला मागून ओळखत होते. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाच्या) टोपीत दमटपणा धरायचा, सकाळी गाडी उठायची नाही, आणि डॉक्टर व्हिजिटला निघताना हाक मारायचे. सोळा वर्षांचे भाऊ आणि आणखी तीन पोरं चिखलातून ढकलत उतारापर्यंत न्यायची. गाडी सुरू झाली की डॉक्टर थांबायचे नाहीत, थांबले तर पुन्हा बंद पडायची भीती. खिडकीतून लिमलेटच्या गोळ्या मागे फेकायचे. लांब जाणारी दोन छोटी शेपटं, मधली नंबरप्लेट आणि निळा धूर, एवढीच भाऊंची फियाट. पुढे एकतीस वर्षं एसटी चालवली, पण या गाडीची पुढची सीट कशी असते हे त्यांना माहीत नव्हतं.

कोरोनाचे निर्बंध होते म्हणून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचलो. गाडी १९९८च्या सुमारास उभी केली ती तशीच. चारही टायर रिमपर्यंत बसून जांभ्याच्या मातीत रुतलेले. मागच्या सीटवर काकींच्या कोंबड्या अंड्यावर बसायच्या, त्यामुळे रेक्झिनचा रंग काय होता हे सांगणं कठीण. पुढची जाळी गायब. ती कधी गेली, कोणी नेली, कुणालाच आठवत नव्हतं.

जुनी गाडी बघायला जाताना मी एकच हत्यार नेतो, मोठा स्क्रू ड्रायव्हर. जीप असती तर काळजी कमी असती, कारण तिला खाली वेगळी चासी असते. वरचा पत्रा कुजला तरी सांगाडा उभा राहतो. या फियाटला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालची लांबट पेटी म्हणजे सिल, आणि छत मिळूनच सांगाडा. सिल गेली की गाडी मधोमध वाकते. आणि खाऱ्या हवेत सिल आतून जाते: दाराच्या काचेवरून उतरलेलं पाणी आत साठतं, खालची भोकं मातीने बुजतात, मिठाचा अंश ओल धरून ठेवतो. बाहेरून रंगाला फक्त दोन-चार फोड दिसतात.

डाव्या सिलला स्क्रू ड्रायव्हर लावला. जोर लावला नाही, नुसता टेकवला, तर मुठीपर्यंत आत. बाहेर काढला तेव्हा त्याच्यामागून तांबडा भुगा पडत राहिला, पिठाच्या चक्कीतून पडावा तसा. उजवी बाजू थोडी बरी. ड्रायव्हरच्या पायाखाली रबरी मॅट उचलली तर खालची माती दिसली. मग गाडीखाली दगड रचून जॅक लावला, पुढची दोन्ही दारं उघडी ठेवून एक बाजू हळूहळू उचलली. डावं दार खांबापासून बोटभर सरकलं. परत बंद करायला गेलो तर बंद होईना.

मी भाऊंना सांगितलं, घेऊ नका. एवढ्या पैशात पुण्याहून चालती पद्मिनी आणून देतो.

भाऊ काही बोलले नाहीत. ते वाकडं दार धरून ड्रायव्हरच्या सीटवर बसले, कोंबडीची पिसं झटकून. जन्मात पहिल्यांदा. क्लच दाबायला गेले तर तो तळाशीच चिकटलेला. डावा हात सवयीने खाली गेला, एसटीचा गिअर जिथे असतो तिथे. तिथे काहीच नव्हतं, पुढची सीट एका बाकासारखी सलग. मग हात वर आला आणि स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असलेल्या दांडीवर पडला. तेवीस वर्षं कोणी हलवली नव्हती. त्यांनी ती आपल्याकडे ओढून खाली नेली, ती गेली. वर ढकलली, गेली. पुन्हा खाली, पुन्हा वर. कट्, कट्, गिअर आपल्या घरात बसल्याचा आवाज मांगरात स्पष्ट आला. "इतक्या वर्षांत गाडयेचा सगळा कुजला, आणि ह्यां बघ," एवढंच म्हणाले.

मी त्याच क्षणी वाद सोडला. यंत्राच्या दृष्टीने त्या दांडीला काही अर्थ नाही. ग्रीस टिकलं म्हणून ती हलली, उद्या गिअरबॉक्स उघडल्यावर आत गंज निघू शकला असता. पण एकतीस वर्षं गिअर टाकलेल्या माणसाचा हात काय ऐकतो ते मला ऐकू येत नाही, हेही खरं.

काकींशी व्यवहार पाच मिनिटांचा. "व्हर मा. पण माझी कोंबडी अंडी खंय घालतली?" भाऊंनी चिऱ्याचं खुराडं बांधून द्यायचं कबूल केलं. चाळीस हजार ठरले. भाऊंच्या घरून मात्र वहिनींचा आवाज आला: "फंड येवच्या आधी भंगार इला!" त्यांची बाजू चुकीची नव्हती.

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ कागदांनी खाल्ला. आरसी मयत माणसाच्या नावावर. त्यामुळे आधी नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या म्हणजे काकींच्या नावावर आणायची, त्याला मुलांची प्रतिज्ञापत्रं, मृत्यूचा दाखला. मगच नमुना २९ आणि ३० भरून भाऊंच्या नावावर. त्यात एक जिल्ह्याचा घोळ. डॉक्टरांनी गाडी घेतली तेव्हा देवगड रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग १ मे १९८१ला वेगळा झाला आणि एमएच ०७ तर त्याच्याही नंतरचं. म्हणजे जुनी नोंद एका जिल्ह्यात, गाडी दुसऱ्यात, आणि संगणकात दोन्हीकडे नाही. जुन्या रजिस्टरातून नोंद शोधून ती संगणकावर चढवावी लागली. चासी नंबरचा पेन्सिलीने छाप घ्यायला मी बॉनेट उघडून बसलो तर पट्टीवर गंजाचा थर. घासायची नाही, नाहीतर आकडाच जायचा. रॉकेलचा बोळा दोन दिवस बांधून ठेवला, मऊ ब्रशने साफ केलं, कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली, आणि एकेक आकडा उमटत गेला. शेवटचा आकडा तीन की आठ यावर आम्ही अर्धा तास घालवला. आरसीच्या पुस्तकात तीन होता.

२०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले होते. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आमची गाडी वयात बसत होती. बऱ्याच जणांनी भाऊंना तेच सुचवलं, प्रतिष्ठेचं वाटतं. पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला नाही. भाऊंना ती जामसंड्याच्या बाजारात न्यायची होती. म्हणून साधं नूतनीकरण केलं, पाच-पाच वर्षांचं. १ एप्रिल २०२२पासून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं आणि आमची फाइल नेमकी त्यानंतर पुढे सरकली. वर पर्यावरण कर. माझं मत आजही हेच आहे की ज्याला गाडी चालवायची आहे त्याने 'व्हीए'च्या मोहात पडू नये.

पत्र्याचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढंच चालतं. पावसाळ्यात इथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) सुकत नाही आणि उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो. डेंटरने दोन्ही सिल कापल्या, पण कापण्याआधी दारं बसवून आतून लोखंडी नळ्यांचा आधार वेल्ड केला. ही पायरी घाईत वगळली तर नवी सिल लागते आणि दार जन्मभर लागत नाही. अठरा गेजचा पत्रा, खाली पाणी जायला मोकळी भोकं. आतून काय लावायचं यावर भाऊ अडून बसले. त्यांचे आजे होडीला माशाचं तेल लावायचे, तेच सिलमध्ये ओतायचं. मी नाही म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. गंजाला माशाचं तेल चांगलंच, ते आत पसरून पातळ साय धरतं, याबद्दल वाद नाही. पण पुढचे दोन महिने माझ्या गॅरेजमध्ये कणकवलीतली निम्मी मांजरं त्या गाडीखाली मुक्कामाला होती.

मग रंग. काकींना गाडी आकाशी आठवत होती, भाऊंनाही. पण डिकीचं पुठ्ठ्याचं अस्तर काढलं तेव्हा खाली राखाडी निघाला, आणि डॅशबोर्डच्या मागेही तोच. म्हणजे १९६८ला गाडी राखाडी होती, १९७९च्या आधी कुणीतरी आकाशी केली. मी मूळ रंगाच्या बाजूचा माणूस. कारखान्यातून आली तशी करावी, नाहीतर जुनी गाडी म्हणून तिला अर्थ काय, असं मी गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. भाऊंनी शांतपणे विचारलं, "राखाडी गाडी मी कधी ढकललंय?" मला उत्तर देता आलं नाही. या धंद्यात 'मूळ' हा शब्द आपण कारखान्याच्या बाजूने मोजतो. माणूस ज्या गाडीवर जीव लावून बसलेला असतो ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाची, रंग बदललेली, एका बाजूने खरचटलेलीच असते. आकाशी झाली. डिकीतला वीतभर राखाडी तुकडा मी न रंगवता ठेवला, तेवढं माझं समाधान.

इंजिनाबद्दल थोडक्यात. प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं, चार दिवस ठेवलं, मग पुलीला पाना लावून हळूहळू हलवलं. पिस्टन सुटले, पण चौथ्याच्या भिंतीला खोल गंजाचे खड्डे. इंजिन पिकअपमध्ये घालून फोंडा घाटाने राधानगरीमार्गे कोल्हापूरला, उद्यमनगरात. ६८ मिलिमीटरचा बोअर वाढवून नवे पिस्टन, क्रँक ग्राइंड, व्हॉल्व्ह सीट. आतले पार्ट पद्मिनीचे चालतात, कुर्ल्याला आणि पुण्यात नाना पेठेत मिळाले. इतकी वर्षं हे पार्ट सहज मिळत होते ते मुंबईच्या टॅक्सींच्या जीवावर. ऑक्टोबर २०२३ला शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून दुकानदार "बघतो, कळवतो" म्हणायला लागलेत.

एक चूक माझी झाली, ती सांगतो. ब्रेकचे व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर नवे केले, पण पुढचे रबरी होज पाइप बाहेरून कोरे दिसत होते. कुणीतरी कधीतरी बदललेले असावेत. मी ते तसेच ठेवले. डिसेंबर २०२२मध्ये गाडी कणकवलीहून घरी न्यायला निघालो. भाऊ स्टिअरिंगवर, मी बाजूला. नांदगावला वळलो, शिरगाव गेलं, तळेबाजार यायच्या आधी भाऊंनी नाक वर केलं. "लायनर जळता." मला वास आला नव्हता. आणखी अर्धा किलोमीटरवर मलाही आला. थांबलो तर पुढचं डावं चाक हात लावू देईना.

जॅकवर घेतलं, चाक फिरेना. पाइपचा होजच्या अलीकडचा सांधा सैल केला, तरी फिरेना. मग चाकाजवळचा ब्लीडिंग निपल (फ्लुइड बाहेर सोडायचा स्क्रू) सैल केला आणि फ्लुइडची चिळकांडी उडून चाक एकदम मोकळं झालं. म्हणजे दाब होजच्या पलीकडे अडकला होता. रबर आतून फुगून नळी बंद झालेली. पाय दाबला की जोरात फ्लुइड पुढे जातं, पाय उचलला की परत येत नाही. या गाडीला चारही चाकांना ड्रम आणि एकच ब्रेकलाइन. हाच होज फुगण्याऐवजी फुटला असता तर पेडल तळाला गेलं असतं, आणि पुढे जामसंड्यापर्यंत उतार आहेत. नव्या होजची किंमत तीन-चारशे रुपये. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या जुन्या गाडीचा रबरी होज कितीही कोरा दिसो, मी कापून फेकतो.

हिशेब असा: गाडी ४० हजार, पत्रा आणि रंग ९५, इंजिन ४६, ब्रेक-टायर-वायरिंग ४१, कागद १२. एकूण २ लाख ३४ हजार, दीड वर्षात. फंडातून पहिले चाळीस गेले, बाकीचं हापूसच्या कलमांनी भरलं. आंब्याच्या पेट्या गेल्या की काम पुढे, नाही गेल्या तर गाडी ताडपत्रीखाली. माझ्याकडे येणारे बरेच जण सुरुवातीलाच सगळं बजेट मागतात आणि सहा महिन्यांत कंटाळतात. हंगामागणिक पैसे देणारा माणूस टिकतो, असं मला तरी दिसलंय. विकली तर किती येतील हे भाऊंनी विचारलं नाही, मीही काढलं नाही.

फेब्रुवारी २०२३च्या महाशिवरात्रीला गाडी कुणकेश्वरच्या जत्रेला गेली. पुढच्या बाकावर भाऊ, वहिनी आणि मधे काकी, मागे नातवंडं. काकींनी त्रिकोणी काच उघडून वारा अंगावर घेतला आणि वाटेत दोनदा सांगितलं की डॉक्टर यापेक्षा जोरात चालवायचे. वहिनींचा राग अजून पुरता गेलेला नाही, पण माहेरी जायचं तर फियाटनेच, असं ठरून गेलंय.

जाळी अजून मिळालेली नाही. पद्मिनीची बसते पण दिसायला वेगळी, आणि रंगाच्या बाबतीत माझं न ऐकणारे भाऊ इथे मात्र डिलाइटचीच पाहिजे म्हणून बसलेत. त्यामुळे गाडी सध्या दात पडलेल्या म्हातारीसारखी हसत फिरते. गेल्या महिन्यात कुर्ल्याहून फोन आला, एक सापडली आहे, क्रोम बरं आहे, नऊ हजार म्हणतोय. भाऊंना कळवलं. म्हणाले, त्याला सांग ठेवून दे, मोहोर बरा आहे यंदा.